भूकंप की वादळ? पालघरच्या किनाऱ्यावरील धोक्याच्या नकाशांची कहाणी

१६१८ सालच्या मे महिन्यात वसई आणि मुंबईच्या परिसरावर मोठे संकट कोसळले. त्या काळच्या पोर्तुगीज वृत्तांतांत त्याचे वर्णन आहे. वाऱ्याच्या जोराने समुद्र गावात शिरला, चर्चची छपरे उडाली, सुमारे दोन हजार माणसे प्राणास मुकली. हे वर्णन वर्गात वाचून दाखवले तर सहावीतला मुलगाही सांगेल की हे चक्रीवादळ होते. परंतु भारतातील भूकंपांच्या काही याद्यांमध्ये हीच घटना 'मुंबईचा भूकंप' म्हणून नोंदलेली आहे! कोणीतरी कधीतरी मूळ वृत्तांताचा अर्थ तसा लावला, पुढच्याने तो उतरवून घेतला आणि एका वादळाचा भूकंप झाला.

याच्या उलट गोष्ट १८८२ सालची. त्या वर्षी मुंबईला चक्रीवादळ होऊन एक लाख माणसे मेली, असे कितीतरी ठिकाणी छापलेले आढळते. कोलंबिया विद्यापीठातील वातावरणशास्त्रज्ञ अ‍ॅडम सोबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा माग काढला, तेव्हा असे वादळ झाल्याचा समकालीन पुरावा मिळाला नाही. गंमत पाहा, ठाणे जिल्ह्याचा इंग्रजी गॅझेटियर छापला गेला तो याच वर्षी. एक लाख माणसे मेली असती तर शेजारच्या जिल्ह्याची बारीकसारीक नोंद ठेवणाऱ्या सरकारला ते कळले नसते काय? १८५४ सालच्या नोव्हेंबरातले मुंबईचे वादळ मात्र खरे होते आणि त्यात मोठी जीवितहानी झाली.

या दोन गोष्टी मुद्दाम सुरुवातीला सांगितल्या. भूकंपाचा, वाऱ्याचा किंवा पुराचा नकाशा आपण पुस्तकात पाहतो तेव्हा तो नदी-डोंगरांच्या नकाशाइतकाच पक्का वाटतो. डोंगर आहे तिथेच दाखवलेला असतो. धोक्याच्या नकाशात मात्र जे दाखवलेले असते ते डोळ्यांना दिसत नाही. मागे काय काय घडले याच्या याद्या, त्यावरून बांधलेले अंदाज आणि काही गृहीतके यांचा तो सारांश असतो. यादी चुकली की नकाशा चुकतो. आणि यादी अगदी अचूक असली तरी आणखी एक अडचण उरते, तिच्याकडे आपण पुढे येऊ.

आपल्या देशात भूकंपाचे नकाशे कसे बदलत गेले ते पाहण्यासारखे आहे. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहार-नेपाळमध्ये प्रचंड भूकंप झाला. पुढल्याच वर्षी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने देशाचा नकाशा काढून त्याचे कमी-अधिक धोक्याचे पट्टे पाडले. स्वातंत्र्यानंतर १९६२ मध्ये भूकंपरोधक बांधकामासाठी भारतीय मानक तयार झाले, त्याचा क्रमांक १८९३. त्यातल्या नकाशात शून्य ते सहा असे सात विभाग होते. दख्खनचे पठार म्हणजे जुन्या, घट्ट खडकाचा स्थिर प्रदेश, तिथे मोठा भूकंप होणे नाही, अशी त्या काळी समजूत होती. आपणही शाळेत हेच शिकलो आणि शिकवले.

११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनानगर हादरले. रिश्टर मापनावर सुमारे ६.३ चा हा भूकंप होता. दीडशेहून अधिक माणसे त्यात गेली. १९७० मध्ये नकाशा पुन्हा काढण्यात आला. सातांचे पाच विभाग झाले आणि कोयनेचा परिसर चौथ्या विभागात गेला. मराठवाड्याचा बराच भाग मात्र पहिल्या, म्हणजे सर्वांत सुरक्षित विभागातच राहिला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतर लोक गाढ झोपेत असताना, किल्लारीला काय झाले ते सांगायला नको. त्यानंतर २००२ सालच्या मानकात पहिला विभागच काढून टाकला गेला आणि दोन ते पाच असे चार विभाग ठेवण्यात आले. आपत्ती पुढे आणि नकाशा तिच्या मागे, असाच हा क्रम राहिला. यात नकाशा काढणाऱ्यांचा दोष फारसा नाही. शंभर-सव्वाशे वर्षांच्या मोजणीवरून हजारो वर्षांत एखादे वेळी हलणाऱ्या भेगेचा पत्ता कसा लागावा?

आता या पार्श्वभूमीवर तारापूरचा विचार करा. भारतातील पहिले अणुवीज केंद्र बोईसरजवळच्या या किनाऱ्यावर उभारायचे ठरले, तेव्हा देशाचा पहिला मानक नकाशा नुकताच तयार होत होता. १९६४ च्या सुमारास बांधकामाला सुरुवात झाली आणि २८ ऑक्टोबर १९६९ पासून वीज मिळू लागली. म्हणजे बांधकाम चालू असतानाच, दक्षिणेला सुमारे तीनशे किलोमीटरवर कोयनेचा भूकंप झाला. ज्या समजुतीच्या काळात जागा निवडली गेली ती समजूत केंद्र पुरे होण्याआधीच मोडली होती! पुढे मानके कडक झाली, जुन्या केंद्राची नव्या निकषांवर फेरतपासणी करून सुधारणा करण्यात आल्या. २००५ व २००६ मध्ये तिथेच सुरू झालेल्या ५४० मेगावॉटच्या दोन अणुभट्ट्यांना तर अर्थातच नंतरचे निकष लागू होते. मुद्दा तारापूर सुरक्षित की असुरक्षित हा नव्हे. एखादी मोठी वास्तू पन्नास-साठ वर्षे उभी राहते आणि तेवढ्या काळात तिच्या पायाखालचा नकाशा दोन-तीनदा बदलतो, हा आहे.

जपानमध्ये ही गोष्ट महागात पडली. ११ मार्च २०११ च्या त्सुनामीत फुकुशिमाचे केंद्र बुडाले. तिथली पहिली अणुभट्टी तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्यांसारखीच उकळत्या पाण्याच्या प्रकारची होती. त्सुनामीच्या लाटेची उंची तिथे आधी सुमारे ३ मीटर, नंतरच्या हिशोबात ५.७ मीटर धरली होती. प्रत्यक्षात आली ती १४-१५ मीटर उंचीची. इसवी सन ८६९ मध्ये त्याच किनाऱ्यावर मोठी त्सुनामी आल्याची नोंद जुन्या बखरीत होती, तिने आत आणून टाकलेली वाळूही शास्त्रज्ञांना शेतांखाली सापडली होती. यादीत नोंद होती, ती आराखड्यात उतरायची राहिली. या अपघातानंतर आपल्याकडील सर्व अणुवीज केंद्रांची पूर, त्सुनामी आणि वीजपुरवठा बंद पडणे या दृष्टीने पुन्हा तपासणी झाली. आपल्या पश्चिम किनाऱ्याला त्सुनामीची भीती मुख्यतः मकरानच्या किनाऱ्याकडून, म्हणजे पाकिस्तान-इराणच्या बाजूने आहे. २८ नोव्हेंबर १९४५ च्या तिथल्या भूकंपाची लाट मुंबईपर्यंत पोहोचली होती.

पालघर जिल्ह्यातल्या शिक्षकांना भूकंपाच्या नकाशाचा धडा पुस्तकाबाहेर मिळाला तो नोव्हेंबर २०१८ पासून. डहाणू आणि तलासरी तालुक्यांत, धुंदलवाडीच्या आसपास, छोट्या धक्क्यांची मालिकाच सुरू झाली. १ फेब्रुवारी २०१९ रोजी एकाच दिवसात अनेक धक्के बसले, त्यांपैकी एक ४.१ चा होता. घाबरून पळताना एका लहान मुलीचा मृत्यू झाला. ऐन थंडीत लोक घराबाहेर, तंबूंत झोपू लागले. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने आणि दिल्लीच्या राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राने त्या भागात भूकंपमापक बसवले, तेव्हा कुठे धक्क्यांच्या जागा नीट कळू लागल्या. पावसाचे पाणी भेगांतून खोल मुरण्याशी या धक्क्यांचा संबंध असावा का, हेही शास्त्रज्ञांनी तपासले आहे.

नकाशात हा सारा प्रदेश तिसऱ्या विभागात, म्हणजे मध्यम धोक्यात येतो. मुंबईही त्याच विभागात. परंतु कारवीच्या कुडाचे, शेणामातीने लिंपलेले घर आणि मातीच्या गाऱ्यात रचलेल्या विटांचे घर यांना सारखाच धोका आहे काय? कुडाची भिंत हलकी असते. ती वाकते, फार तर कलते, आतल्या माणसाला चेंगरत नाही. किल्लारीत माणसे मेली ती मुख्यतः दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरचे माळवद अंगावर आल्याने. वादळवाऱ्यात मात्र हाच हिशोब उलटतो, कुडाच्या घराचे छप्पर आधी जाते. म्हणून संकट कोणते आणि कुठे, एवढे सांगणारा नकाशा अर्धाच असतो. तिथे कोण राहते, कशा घरात राहते आणि संकटातून सावरण्याची त्याची ताकद किती, हा उरलेला अर्धा भाग.

हा दुसरा अर्धा भाग कागदावर आणण्याचा मोठा प्रयत्न किल्लारीनंतर झाला. रुडकीचे डॉ. आनंद स्वरूप आर्य यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ गटाने १९९७ मध्ये देशाचा 'व्हल्नरेबिलिटी अ‍ॅटलस' तयार केला. भूकंप, वारा आणि पूर यांचे नकाशे एकीकडे आणि जनगणनेतील घरांच्या भिंती-छपरांचे तक्ते दुसरीकडे, असे जिल्हावार मांडलेले हे काम आहे. पुढे २००६ आणि २०१९ मध्ये त्याच्या नव्या आवृत्त्या निघाल्या. कल्पना फार चांगली. पण पहिल्या आवृत्तीच्या वेळी पालघर जिल्हा नव्हता, तो १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. ठाणे शहरातील सिमेंटच्या इमारती आणि तलासरीतील पाड्यांची घरे एकाच जिल्ह्याच्या तक्त्यात बसली. दिल्लीत बसून देशाचे चित्र पाहण्यास ते पुरेसे होते, धुंदलवाडीच्या सरपंचाला त्याचा काय उपयोग? नकाशाचे प्रमाण म्हणजे काय हे शिकवताना आपण सेंटिमीटर-किलोमीटरची गणिते घालतो. त्याच प्रमाणावर असे प्रश्नही अवलंबून असतात, हे सांगायचे राहून जाते.

आता समुद्राकडे वळू. सुरुवातीला ज्या दुसऱ्या अडचणीचा उल्लेख केला ती इथे येते.

पूर आणि वादळाच्या नकाशात 'शंभर वर्षांतून एकदा येणारे पाणी' असा शब्दप्रयोग असतो. तो ऐकून वाटते, एकदा आले की आता शंभर वर्षे निश्चिंती. खरा अर्थ असा की दर वर्षी ते येण्याची शक्यता एक टक्का. न येण्याची शक्यता ०.९९. मग सलग ३० वर्षे न येण्याची शक्यता ०.९९ चा ३० वा घात, म्हणजे सुमारे ०.७४. घरासाठी कर्ज काढले तर ते फिटेपर्यंत असे पाणी एकदा तरी घरात येण्याची शक्यता २६ टक्के झाली! पन्नास वर्षांसाठी हाच आकडा सुमारे ४० टक्के येतो. नववी-दहावीच्या वर्गात हे गणित जरूर करून पाहावे.

पण या गणितात एक गृहीतक दडले आहे, की तो एक टक्का दर वर्षी तोच राहील. भूकंपाच्या बाबतीत हे मानायला हरकत नाही, जमिनीच्या पोटातल्या घडामोडी माणसाच्या आयुष्यात बदलत नाहीत. हवामानाच्या बाबतीत मात्र ते आता मानता येत नाही. जगातील समुद्राची सरासरी पातळी १९०१ ते २०१८ या काळात सुमारे २० सेंटिमीटरने वाढली आणि २००६ ते २०१८ मधला वेग वर्षाला ३.७ मिलिमीटर होता. मुंबईला अपोलो बंदरावर १८७८ पासून भरती-ओहोटीची मोजणी होत आली आहे. हिंदी महासागरातल्या सर्वांत जुन्या मालिकांपैकी ती एक आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतील शास्त्रज्ञांच्या अभ्यासानुसार २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या त्याआधीच्या १९ वर्षांच्या मानाने निम्म्याहून अधिक वाढली. आंतरराष्ट्रीय हवामान समितीचा अंदाज असा की आजवर शंभर वर्षांतून एकदा येणारी समुद्राची उंच पातळी, मोजणी होत असलेल्या निम्म्याहून अधिक ठिकाणी, या शतकाच्या अखेरीस दर वर्षी निदान एकदा येईल. म्हणजे मागील नोंदींची यादी बिनचूक असली तरी तिच्यावरून काढलेला नकाशा उद्याला लागू पडेलच असे नाही.

किनाऱ्याच्या नकाशात ही गोष्ट कधी आली? १९ फेब्रुवारी १९९१ रोजी सागरी किनारा नियमनाची पहिली अधिसूचना निघाली. भरतीरेषेपासून ५०० मीटरचा पट्टा, मग किनारा खडकाचा असो की वाळूचा. मोजायला सोपे, पण निसर्गाशी फारसा संबंध नसलेले हे माप. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर डॉ. एम. एस. स्वामिनाथन समितीने किनाऱ्याची असुरक्षितता पाहून रेषा ठरवावी, असे सुचवले. ६ जानेवारी २०११ च्या नव्या अधिसूचनेत 'हॅझर्ड लाइन', आपण तिला धोक्याची रेषा म्हणू, अवतरली. भरती आणि लाटांमुळे पाणी कुठवर चढेल, किनारा किती खचेल आणि समुद्राची पातळी वाढल्यावर यात काय भर पडेल, हे सारे धरून ती आखायची होती. काम भारतीय सर्वेक्षण विभागाकडे होते. आपल्याकडे उद्याचा हिशोब धरून कायद्यात आलेली रेषा मला तरी हीच पहिली दिसते.

ती कायद्यात टिकली मात्र नाही. १८ जानेवारी २०१९ रोजी निघालेल्या पुढच्या अधिसूचनेत रेषा आखून झाली आहे असे म्हटले आहे, पण बांधकामावर बंधन घालणारी हद्द म्हणून ती उरली नाही. आपत्ती व्यवस्थापनाच्या आराखड्यासाठी आणि जमीनवापराचे नियोजन करताना विचारात घेण्यासाठी एक साधन, असे तिचे स्थान झाले. यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. अंदाजावर आधारलेल्या रेषेने एखाद्या कोळ्याच्या घराची दुरुस्ती अडवावी का, हा प्रश्न खोटा नाही. पण जी रेषा कोणाला अडवतच नाही, ती आराखड्याच्या फायलीतून बाहेर पडते का, हाही प्रश्न तितकाच खरा आहे. माझा कल दुसऱ्या प्रश्नाकडे आहे.

कारण पालघरचा किनारा सपाट आहे. सातपाटी, मुरबे, नवापूर, चिंचणी, तारापूर, वरोर, डहाणू या पट्ट्यात वाळू, खाजण, मिठागरे आणि आत शिरलेल्या खाड्या. मुंबईहून खंभातच्या आखाताकडे जाताना भरती-ओहोटीतला फरकही वाढत जातो. सातपाटीत उधाणाचे पाणी बंधारा ओलांडून घरांत शिरते ही बातमी आता नवी राहिलेली नाही. साधा हिशोब करू. शंभर मीटर चालल्यावर जमीन एक मीटर चढत असेल, तर पाणी ३० सेंटिमीटरने वाढल्यावर ३० मीटर आत येईल. पाचशे मीटरला एक मीटर असा चढ असेल, तर तेच पाणी १५० मीटर आत येईल. शिवाय ते समोरूनच येईल असे नाही. खाडीतून वळसा घालून गावाच्या पाठीमागूनही येते आणि त्याच वेळी डोंगराकडचा पाऊस कोसळत असला तर त्याला समुद्रात जायला वाट राहत नाही. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांचे अनेक कारखाने आहेत, त्यांच्या साठ्याच्या टाक्या आणि गटारे याच उताराच्या वाटेवर आहेत. पूर आणि कारखान्याचा अपघात असे दोन वेगळे नकाशे दोन वेगळ्या कार्यालयांत ठेवून इथे भागणार नाही.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने याची चुणूक दाखवली. आधीच्या अंदाजात ते हरिहरेश्वर ते दमण यांच्या दरम्यान कुठेही किनारा गाठेल असे होते, म्हणजे पालघरचा सगळा किनारा त्यात आला. गावे हलवली गेली. वादळ प्रत्यक्षात श्रीवर्धनच्या बाजूला धडकले आणि रायगडच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. मानकातील वाऱ्याच्या नकाशात मुंबईसाठी सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर वेग धरलेला आहे. श्रीवर्धनला वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० च्या आसपास होता. नकाशातला वेग अजून आलेलाच नव्हता.

आणि आता किनाराच बदलणार आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराचा पायाभरणी समारंभ पालघरला झाला. मच्छीमारांचा विरोध बरीच वर्षे चालत आला आहे, त्याचा इतिहास हा स्वतंत्र लेखाचा विषय. आपल्या दृष्टीने पाहायचे ते एवढे की या आराखड्यात समुद्रात चौदाशेहून अधिक हेक्टर भराव आणि सुमारे १० किलोमीटरची लाटरोधक भिंत आहे. अशा भिंतीमागे लाटांची दिशा बदलते, एकीकडे वाळू साचते, दुसरीकडे किनारा खातो. जुन्या किनाऱ्यावर आखलेली धोक्याची रेषा तेव्हा पुन्हा आखावी लागेल आणि त्यासाठी आधीचा किनारा कसा होता याच्या नोंदी लागतील.

या नोंदी शाळांना ठेवता येतात. गावच्या नकाशावर शाळा, मंदिर, विहिरी, बंधारा दाखवून घ्यावा. पन्नाशीपुढच्या दहा-बारा माणसांना विचारून, कोणत्या साली पाणी कुठवर आले ते मुलांनी त्यावर लिहावे, आणि ज्याने सांगितले त्याने स्वतः पाहिले की ऐकले, हेही शेजारी लिहावे. १६१८ ची चूक तिथूनच सुरू झाली होती. जून ते सप्टेंबरमधल्या प्रत्येक अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला एका ठरलेल्या खांबावर पाण्याची खूण करावी, तारीख आणि वेळ घालून. पाऊस चालू होता का, वारा कोणत्या दिशेचा होता, तेही टिपावे. जिल्हा आपत्ती व्यवस्थापनाचा आराखडा जिल्हाधिकारी कार्यालयात असतो, त्यात आपल्या गावासाठी निवारा म्हणून कोणती इमारत नेमली आहे ते पाहून यावे. बहुतेक वेळा ती शाळाच निघते. मग तिच्या पायरीची उंची खांबावरच्या सर्वांत वरच्या खुणेशी ताडून पाहावी. त्यासाठी पाण्याने भरलेली एक लांब पारदर्शक नळी पुरते, गवंडी जशी वापरतात तशी.